उरलेले चार टक्के

थुंकी माझी होती, हे आधीच सांगून टाकते. बाकीच्या गोष्टींत कोण किती चुकलं ते ज्याचं त्यानं ठरवावं, पण सुरुवात मी केली.

आमचं टायरचं दुकान आहे. खाली दुकान, वर दोन खोल्या, मधे लोखंडी जिना. वडील गेल्यापासून दुकान मी बघते. वर आई असते, आणि लग्न होईपर्यंत धाकटी असायची. धाकटी माझ्याहून सात वर्षांनी लहान. तिला चांगलं नाव आहे, पण घरात ते कुणी वापरलं नाही. ती साठीची झाली तरी धाकटीच राहणार.

मी तापट आहे. लोक तसं म्हणतात आणि मी नाकारत नाही. एकदा एका गिऱ्हाइकानं मला बघून विचारलं, "दुकानात कुणी माणूस नाही का?" मी हातातला पान्हा त्याच्या दिशेनं भिरकावला. नेम चुकला आणि त्याच्या गाडीची काच गेली. धाकटी याच्या बरोबर उलट. तिच्या पायावर कुणी पाय दिला तर तीच सॉरी म्हणते. त्यामुळे लहानपणापासून तिच्या वाटचं सगळं मी करत आले. तिची भांडणं मी भांडले. शाळेत लस टोचायला बाई आल्या तेव्हा ती कपाटामागे लपली, म्हणून मी दुसरा दंड पुढे केला आणि तिच्या नावावर टोचून घेतलं. दोन दिवस तापानं फणफणले. गाडीच्या परवान्याची परीक्षासुद्धा तिच्या नावानं मी दिली. आम्ही दिसायला सारख्या आहोत, फोटोत तर फारच. आमच्या घरात ही रीतच पडली होती. धाकटीला जमत नाही ना, मग ताई करेल.

धाकटी इस्पितळात रेकॉर्डच्या खोलीत कामाला आहे. दिवसभर रिपोर्टांवर नंबर घालायचे आणि फायली लावायच्या. कागदावर छापून आलं की तिच्यासाठी ते खरं. तिचं लग्न दोनदा ठरता ठरता मोडलं होतं. तिशी उलटली तेव्हा तिनं लग्न जुळवणाऱ्या एका साइटवर नाव घातलं. तिथे फोटो नंतर, आधी थुंकी. घरी एक डबी येते, तिच्यात नळी असते. नळीवरच्या रेघेपर्यंत थुंकायचं आणि पाठवून द्यायचं. मग ते तुमची जनुकं तपासतात आणि ज्याच्याशी सगळ्यात जास्त जुळतं तो माणूस काढून देतात.

मी पोट धरून हसले. म्हटलं, "हुंगून जोडीदार शोधायला कुत्र्यांनाही येतं. त्याला साइट कशाला?"

"ताई, माणसं खोटं बोलतात," ती म्हणाली. "हे खोटं बोलत नाही."

तेव्हा तिच्या दाढेची औषधं चालू होती. त्यामुळे असेल, पण 'नमुना वाचता आला नाही' असं दोनदा कळवून आलं. तिसऱ्यांदा फसला तर नाव काढून टाकणार होते. तिसरी नळी आली त्या सकाळी ती आरशासमोर अर्धा तास बसली. भीतीनं तोंडाला कोरड पडलेली. शेवटी अर्धीमुर्धी नळी भरली, त्यातही नुसता फेस. "एवढी पाठव हं," म्हणून माझ्याकडे देऊन ती कामाला गेली.

मी ती नळी उजेडात धरून बघितली. हेही फसणार होतं. मग संध्याकाळी रडारड, आईचे उसासे, आणि ही जन्मभर फायली लावत बसणार. मी नळी मोरीत ओतली, खळखळून धुतली, आणि रेघेपर्यंत थुंकले. एका आईच्या पोटच्या आम्ही. थुंकीत असा काय मोठा फरक असणार? जितका विचार मी टायर फिरवताना करते तितकाही तेव्हा केला नाही.

तीन आठवड्यांनी निकाल आला. शहाण्णव टक्के. साइटवर लोकांना साठ-पासष्ट मिळाले तरी ते पेढे वाटल्यासारखे सांगत सुटतात. धाकटी तो कागद घेऊन घरभर फिरली. आई म्हणाली, "शहाण्णव! तुझ्या वडलांचं आणि माझं तपासलं असतं तर मशीन बंद पडलं असतं."

तो माणूस चष्म्याच्या दुकानाचा मालक होता. आम्ही घरात त्याला चष्मेवालाच म्हणायचो. बोलायला मऊ, हातानं हलका. गिऱ्हाइकाच्या कानामागे काडी बसवताना विचारायचा, "टोचत नाही ना?" आईचे डोळे त्यानं स्वतः तपासले आणि तिला चष्मा करून दिला. खरं सांगते, मलाही तो आवडला. आमच्या दोघांचं पटकन जमलं. एकदा तो दुकानात बसला असताना एक माणूस ग्रीसवरून घसरून असा काही आपटला की बस. धाकटी धावत त्याला उठवायला गेली. मी आणि चष्मेवाला हसत होतो. आम्हां दोघांनाही हसू आवरेना.

चार महिन्यांत लग्न झालं.

लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात एका रविवारी धाकटी आली आणि कप डाव्या हातानं उचलायला लागली. मी तिची उजवी बाही वर सरकवली. मनगटापासून कोपरापर्यंत हिरवंपिवळं झालं होतं. त्यात चार बोटं मोजता येत होती.

"जिन्यावरून पडले," ती म्हणाली.

"तुम्ही तळमजल्यावर राहता. जिना कुठून आणलास?"

ती खाली बघत म्हणाली, "आमच्याकडे इस्पितळात येणाऱ्या सगळ्या तसंच लिहायला सांगतात."

त्यानंतर वर्षभरात ती मला थोडं थोडं सांगत गेली, फक्त मला, आणि तेही दुकानात कॉम्प्रेसर चालू असताना, म्हणजे वर आईला ऐकू जाऊ नये. चष्मेवाला ओरडत नसे. शिवी देत नसे. तो कागद त्यानं फ्रिजवर चिकटवला होता. भाजी खारट झाली, टॉवेल ओला राहिला, ती फोनवर जास्त वेळ बोलली की तो तिला त्या कागदासमोर उभी करायचा. "शहाण्णव टक्के आपलं जुळतं," तो म्हणायचा. "म्हणजे उरलेले चार टक्के तुझ्यात आहेत. तेवढे काढायचेत." ती तोंडावर हात घ्यायची. तो हळूच म्हणायचा, "हात काढ." ती हात काढेपर्यंत तो थांबायचा. मग मारायचा. कधी पट्ट्यानं, कधी चपलेनं, एकदा पाण्यानं भरलेल्या बाटलीनं, कारण तिचे वळ उठत नाहीत. तोंडावर मात्र फक्त उघड्या हातानं, चष्मा बसवतात त्याच नेमकेपणानं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तशीच उठले आणि त्याच्या दुकानात गेले. चार गिऱ्हाइकं बसली होती. त्यांच्यासमोर मी त्याची कॉलर धरली, त्याला काउंटरवर आडवा घातला आणि सांगितलं, परत हात लावलास तर तोच हात चाकाखाली घालीन. तो जराही धडपडला नाही. काउंटरवर पडल्या पडल्या गिऱ्हाइकांना म्हणाला, "माफ करा, घरातलं माणूस आहे." आणि माझ्याकडे बघून हसला.

त्या रात्री त्यानं धाकटीच्या दोन बरगड्या मोडल्या. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

बरगड्या बांधून झाल्यावर मी तिला धरून पोलीस चौकीत नेलं. तिथे एक पोलीसबाई होत्या, माझ्याच वयाच्या, आवाज बसलेला. मी खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली. कागद, बरगड्या, पट्टा, सगळं. पोलीसबाईंनी पेन खाली ठेवलं.

"तुम्ही बघितलंत मारताना?"

"नाही, पण ही सांगते ना."

"मग हिला सांगू दे." त्या धाकटीकडे वळल्या. "बोला. कुणी मारलं?"

धाकटीनं टेबलाच्या कडेवर बोट फिरवलं. "पडले," ती म्हणाली.

मी तिला चिमटा काढला. मी किंचाळले. मी म्हटलं, मी सही करते तिच्या नावानं, आमची अक्षरं सारखी आहेत. पोलीसबाई म्हणाल्या, "बाई, दुसरं काहीही तुम्ही तिच्याऐवजी कराल. हे नाही चालत. हिनं तोंड उघडलं पाहिजे."

महिन्याभरानं परत गेलो, तिच्या कानातून रक्त आल्यावर. परत तेच. पालथ्या घड्यावर पाणी. बाहेर आल्यावर मी तिला भिंतीशी उभी करून विचारलं, "का बोलत नाहीस? मेल्यावर बोलणार आहेस?"

"ताई, शहाण्णव आहेत," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणीसुद्धा नव्हतं. "साठ असते तर मी कधीच आले असते. शहाण्णव म्हणजे माझ्यासाठी तोच आहे. मग चुकतंय ते माझंच काहीतरी असणार."

तेव्हा मला कळलं की तिला त्या घरात कुणी बांधून ठेवलंय. चष्मेवाल्यानं नव्हे. मी.

तरी मी आठ दिवस काढले. काय म्हणून सांगायचं? की तुझा नवरा माझ्या थुंकीतून आलाय? ती एकच व्यक्ती होती जी मला कधी घाबरली नव्हती. आईसुद्धा माझा आवाज चढला की भांडी आवरायला लागते. धाकटी मात्र मी कितीही चिडले तरी माझ्या खांद्याला टेकून बसायची. ती तुटेल या भीतीनं मी आठ दिवस गप्प बसले, आणि त्या आठ दिवसांत तिच्या डाव्या हाताचं मधलं बोट मोडलं. त्याचा हिशोब माझ्या माथी आहे.

नवव्या दिवशी मी तिच्या रेकॉर्डच्या खोलीत गेले. ती बोटाला पट्टी बांधून फायली लावत होती. मी दार लावलं आणि सांगितलं. नळी, फेस, मोरी, सगळं एका दमात.

मला वाटलं ती रडेल, नाहीतर फाईल फेकून मारेल. मारली असती तर बरं झालं असतं. तिनं हातातली फाईल जागेवर लावली, मग विचारलं, "म्हणजे माझं कुणीच तपासलं नाही?"

"नाही."

"म्हणजे माझे किती, ते कुणालाच माहीत नाही."

"नाही."

ती स्टुलावर बसली. मग हसली. लग्नानंतर पहिल्यांदा मी तिला तशी हसताना बघितलं, अगदी मोकळी. "ताई, तू मूर्ख आहेस," ती म्हणाली. "लसीच्या वेळीही मला नंतर गोवर झालाच होता."

त्याच दुपारी तिनं बॅग भरली आणि आमच्याकडे आली. पण जाताना फ्रिजवर चिठ्ठी ठेवून आली. ती स्वभावानंच तशी. इस्पितळातून कुठलाही कागद हलवला तर तिथे पावती ठेवायची, कोणी नेला, का नेला. तिनं लिहिलं, 'नमुना माझा नव्हता. ताईचा होता. त्यामुळे हे लग्न चुकीच्या कागदावर झालं आहे. मी जात आहे.' हे तिनं मला सांगितलं तेव्हा मला वाटलं, हे वाचून तो इथेच येणार. पण तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मी नुसती तिची बॅग वर नेली. ती म्हणाली, सोमवारी चौकीत जाऊ आणि मी बोलेन. स्वतः बोलेन. तू बाहेर बाकावर बस.

शनिवारी दुपारी जेवायच्या सुट्टीला मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं होतं. कामावरचे दोघं घरी जेवायला गेले होते. मी एका टायरची कड टामीनं उचकटत होते. टामी म्हणजे हातभर लांब लोखंडी दांडा, एका टोकाला चपटा. चष्मेवाला शटरखालून वाकून आत आला. केस विंचरलेले, शर्ट इस्त्रीचा. हातात तो फ्रिजवरचा कागद.

"तू," तो म्हणाला. आजवर तो मला ताई आणि तुम्ही म्हणायचा. "तू आहेस होय."

"निघ इथून."

"दीड वर्ष मी तिच्यात शोधत होतो, आणि तिच्यात काही नव्हतंच. उगाच त्रास दिला बिचारीला." त्यानं कागद माझ्यासमोर टायर काढायच्या मशीनवर ठेवला आणि हातानं गुळगुळीत केला. "तुला ठाऊक होतं. त्या दिवशी माझ्या दुकानात माझी कॉलर धरलीस, तेव्हा तुझा चेहरा बघितला मी. तुला मजा येत होती. तू आणि मी एकाच गोष्टीला हसतो."

मला शिवी सुचली नाही. ही गोष्ट माझ्या बाबतीत कधी होत नाही. सुचली नाही, कारण तो खोटं बोलत नव्हता.

तेवढ्यात धाकटी जेवायला बोलवायला जिना उतरली. त्याला बघून शेवटच्या पायरीवर थांबली. एरवी ती परत वर पळाली असती. पण चार दिवसांत तिच्यात काहीतरी आलं होतं. ती पायरी उतरली आणि म्हणाली, "तुम्ही जा. मी सोमवारी तक्रार करणार आहे."

त्यानं तिच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. माझ्याशीच बोलत असल्यासारखा हात लांब केला, तिचे केस धरले आणि तिचं कपाळ टायरच्या मशीनच्या लोखंडी पाट्यावर आणलं. न लागणारं दार आपटावं तसं, दोनदा. मग सोडून दिलं. ती खाली बसली. कपाळावरून रक्त भुवईत उतरलं आणि तिथून नाकावर.

"हिचा आता काय उपयोग," तो म्हणाला.

पहिला घाव मी त्याच्या कोपरावर घातला. वाळकं लाकूड मोडतं तसा आवाज झाला आणि त्याचा हात नको तिकडे वळला. तो ओरडला. मी त्याला कधी ओरडताना ऐकलं नव्हतं, आणि ते ऐकून मला बरं वाटलं. दुसरा घाव गुडघ्यावर. तो ग्रीसमध्ये कोसळला, उठायला गेला, परत कोसळला. मग पाठीवर, खांद्यावर, मांडीवर, जिथे मिळेल तिथे. टामी जड असते, पण मी वीस वर्षं तिच्यावर पोट भरलंय. दमायला झालं नाही. तो सरपटत टायरच्या थप्पीमागे जायला बघत होता, तर मी त्याला पायाला धरून ओढून उजेडात आणलं. त्याचे दात लाल झाले होते. त्यानं चांगला हात तोंडावर घेतला आणि म्हणाला, "नको. ताई, नको."

"हात काढ," मी म्हणाले.

माझा आवाज चढलेला नव्हता. मी जन्मात इतक्या हळू कुणाशी बोलले नसेन. "हात काढ. काढ म्हणतेय ना." आणि मी थांबले. खरंच थांबले, टामी वर धरून, तो हात काढेपर्यंत. त्यानं हात काढला आणि दोन्ही हात जोडायला गेला, पण एक हात वळत नव्हता. मी त्याच्या जबड्यावर मारलं.

सुख होतं ते. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. वर्षानुवर्षं अंगात अडकलेलं काहीतरी मोकळं होत होतं, आणि ते धाकटीसाठी नव्हतं. धाकटी मला आठवतही नव्हती.

तिनं मागून माझा हात धरला. "ताई, पुरे. ताई, मेला तो. ताई." ती लोंबकळली. मी झिडकारलं, ती सुटेना, तेव्हा मी वळले आणि उलट्या मुठीनं तिच्या तोंडावर दिली. माझी मूठ टामीभोवती आवळलेली होती. ती थप्पीवर आदळली आणि खाली बसली. मी तिच्याकडे बघितलं. ती कोण आहे ते मला कळत होतं. मग मी परत त्याच्याकडे वळले आणि आणखी दोन घातले.

थांबले ते वरच्या आवाजानं. आई जिन्याच्या तोंडाशी आली होती. तिनं खाली बघितलं, मी उभी, पायाशी माणूस, कोपऱ्यात धाकटी. ती ओरडली नाही. शांतपणे वळली आणि रस्त्याकडची खिडकी लावून घेतली. मग दुसरी. वडील मारायला लागले की ती अशीच आधी खिडक्या लावायची, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून, आणि मग त्यांच्यासमोर येऊन उभी राहायची. दुसऱ्या खिडकीची कडी लागली आणि माझ्या हातातून टामी गळली.

तो मेला नाही. जबडा तारेनं बांधलाय, गुडघा कायमचा गेला, कोपर वाकणार नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही, आणि वाटतंय असं मी कोर्टातही सांगणार नाही.

त्याच इस्पितळात, धाकटीच्या कामाच्या इस्पितळात, आम्हांला बाकावर बसवलं होतं. तिच्या कपाळाला सात टाके, खालचा ओठ फाटलेला, पुढचा एक दात अर्धा. मी तिच्या शेजारी बसले तेव्हा ती उठून बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. पोलीसबाई आल्या. त्याच, आवाज बसलेल्या. त्यांनी धाकटीकडे बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं, आणि माझ्याशी नजर मिळवली तेव्हा त्यात राग नव्हता. त्या समोर खुर्ची ओढून बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तो अंगावर आला, तुम्ही बहिणीला वाचवलंत. एवढंच झालं ना?"

"हो," मी म्हणाले. "आणि हिला काही विचारू नका, हिला काही दिसलं नाही. ही सगळा वेळ चक्कर येऊन—"

"मला दिसलं," धाकटी म्हणाली.

तिचा ओठ सुजलेला होता, शब्द ओले येत होते. तरी तिनं सगळं सांगितलं. क्रमानं, एकावर एक, फायली लावतात तसं. आधी त्याचं सांगितलं. तारखा सांगितल्या. पट्टा, बाटली, बरगड्या, कान, बोट, मशीनचा पाटा. इतके महिने मी तिच्या तोंडून जे काढायला जीव टाकत होते ते ती एका दमात बोलली आणि कुठे अडखळली नाही. मला रडू आलं. अभिमान वाटला, आणि मी डोळे पुसत होते तोवर ती पुढे गेली.

"मग ताईनं त्याला मारलं. तो पहिल्या दोन घावांतच पडला होता. पळत होता, तिनं ओढून आणला. तो हात जोडत होता. ती त्याला हात काढायला सांगत होती, तो सांगायचा तसंच. मी धरायला गेले. तेव्हा हे झालं." तिनं ओठाला बोट लावलं.

पोलीसबाईंनी क्षणभर पेन थांबवलं. मग लिहून पूर्ण केलं आणि कागद तिच्यापुढे धरला. सही करायला मी सवयीनं हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. धाकटीनं कागद घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला, आणि एका ओळीवर बोट ठेवून परत दिला.

"इथे ताईनं ढकललं लिहिलंय तुम्ही," ती म्हणाली. "ढकललं नाही. मारलं."